दोनदा आलेला चौसष्ट

१

६४ नंबरच्या रोबोखालची फरशी कुणीतरी भुसा टाकून पुसली होती. पण फटींमधला काळपट रंग गेला नव्हता. विदा कोत्निक तिथे उभी राहून बघत होती.

काल सकाळी सव्वानऊला लोय्झे ह्रिबेर्निकने याच जागी हात घातला होता. वीस वर्षं देखभालीचं काम केलेला माणूस. नियमाप्रमाणे त्याने वीज तोडली, खटक्याला स्वतःचं कुलूप लावलं आणि मान वर करून भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. ६४च्या पंजात हवेचा दाब शून्य, असं स्क्रीनवर दिसत होतं. मग त्याने पंजात अडकलेला पत्रा ओढून काढला. पत्रा सुटला आणि आत कोंडलेल्या हवेने पंजा मिटला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची.

विदा स्लोव्हेनियातल्या या कारखान्याची सुरक्षा अधिकारी होती. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि ते सुखाने जावं एवढीच तिची इच्छा होती. काल रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

रोबोच्या कुंपणाबाहेर लोय्झेचं फळीचं कपाट तसंच उघडं होतं. हातमोजे, एका काडीने जोडलेला चष्मा, मधाची अर्धी बाटली. लोय्झेच्या घरी मधमाशांच्या चाळीस पेट्या होत्या आणि तो कॉफीतसुद्धा मध घालायचा. सगळा विभाग त्याला त्यावरून चिडवायचा. ऑगस्टभर तो पाठीच्या दुखण्याने आजारी रजेवर होता. परत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"बघून झालं का?" मागून आवाज आला. संचालक गोरिशेक हातात दोन फायली घेऊन उभा होता. "दोन वाजता लाइन सुरू होतेय. आणि तुझा अहवाल मला आज हवाय, चूक करणाऱ्याच्या नावासकट."

"नेटवर्कवाल्या आन्झेला काही सापडलं?"

"सापडलं ना. रात्री अकरापर्यंत बसला होता बिचारा. यादीत ४६ आणि ६४ यांची अदलाबदल झालीय."

प्रकरण तसं साधं होतं. कारखान्यात ३१ ते ६८ अशा नंबरांचे अडतीस रोबो होते. ऑगस्टमध्ये सामूहिक सुट्टी लागते, सगळे समुद्रावर जातात आणि कारखाना ओस पडतो. त्या आठवड्यात या रोबोंच्या पंजांमधले दाब मोजणारे सेन्सर एका नेटवर्कला जोडले गेले. प्रत्येक सेन्सरची केबल छताखालच्या ट्रेमध्ये वर जाते आणि तिथल्या एका बॉक्समध्ये शिरते. कोणत्या बॉक्समध्ये कोणत्या रोबोची केबल आहे, याची यादी कॉम्प्युटरला दिली की प्रत्येकाचा दाब स्क्रीनवर दिसू लागतो. काल ४६ साफसफाईसाठी बंद होता. त्याचं शून्य ६४च्या नावाखाली दिसलं.

"यादी कुणी केली? वायरमन रमीझने," गोरिशेक म्हणाला. "सही कुणाची? रमीझची. यात शोधायचं काय आहे? अगं, बोस्नियाचा माणूस तो. तीन वर्षं झाली येऊन, अजून आपले आकडे त्याला उलटसुलट ऐकू येतात."

"मूळ कागद कुठंय? हाताने लिहिलेला?"

गोरिशेकने एक फाइल तिच्यापुढे उघडली. छिद्रं पाडलेल्या कप्प्यात कागद नव्हता. फक्त एक फाटका कोपरा रिंगमध्ये अडकून राहिला होता.

"काल दुपारपर्यंत होता," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला.

२

रमीझ मागच्या कार्यशाळेत होता. त्याला यंत्रांना हात लावायची बंदी घातली होती, म्हणून तो स्क्रू वेगळे करत बसला होता. छोट्या पितळी भांड्यात कॉफी उकळत होती. विदा आली तेव्हा तो ओठांतल्या ओठांत मोजत होता, "वीस-सात, वीस-आठ, वीस-नऊ..."

"बसा, विदाबाई. कॉफी घ्याल?"

"नको, सकाळपासून चार झाल्यात. छाती धडधडतेय नुसती." ती स्टुलावर बसली. "रमीझ, यादी तू केलीस?"

"मीच."

"एकट्याने?"

"एकट्याने." त्याने मान वर केली नाही.

"म्हणजे शिडीवर चढायचं, ट्रेमधली केबल हाताने ओढून तिच्यावरची चिठ्ठी वाचायची, मग खाली उतरून लिहायचं. अडतीस वेळा?"

"वरच लिहिलं मी. शिडीवर."

"दोन्ही हात केबलमध्ये असताना?"

रमीझने एक स्क्रू उचलला, चुकीच्या डबीत टाकला, पुन्हा काढला. "तुम्हाला नाव पाहिजे ना? लिहा माझं. मी नाही म्हटलंय का?"

"नाव लिहिलं तर काय होईल, माहितेय तुला?"

"माहितेय. नोकरी गेली की इथं राहायचा परवाना गेला." कॉफी उतू आली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. विदाने उठून भांडं बाजूला केलं. "एकोणतीस तारखेला बायको आणि मुलगी येणार होत्या इथं राहायला. शाळेत नाव घातलंय पोरीचं. मी त्यांना कळवतो, येऊ नका म्हणून."

विदाने तीस वर्षांत अपघातानंतरच्या पुष्कळ चौकशा केल्या होत्या. माणूस आधी यंत्राला दोष देतो, मग दुसऱ्या पाळीला, मग नशिबाला. सगळं संपल्यावर कधीतरी स्वतःवर येतो. इथे हा माणूस पहिल्याच प्रश्नाला मान पुढे करत होता, आणि तेही पोरीची शाळा पणाला लावून. हे तिला बिलकुल पटलं नाही.

"कागद कुठंय?"

"फायलीत असेल."

"नाहीये."

"मग मला नाही माहीत," रमीझ म्हणाला. त्याचा हात आपोआप जाकिटाच्या छातीवर गेला आणि झटकन खाली आला.

विदाने ते पाहिलं. पण अंगावर हात टाकून कागद काढून घेण्याचा तिला अधिकार नव्हता आणि तो आपणहून देणार नव्हता. आधी त्या कागदावर काय आहे हे दुसरीकडून कळायला हवं होतं. तो कागद आणखी एका माणसाने वाचला होता.

३

यादी कॉम्प्युटरमध्ये भरणारी येर्नेया वरच्या मजल्यावर बसायची. तीस-बत्तीसची, नीटनेटकी, टेबलावर तीन रंगांच्या टाचण्या. विदा दारात दिसताच तिचा चेहरा पडला.

"मला वाटलंच होतं तुम्ही येणार."

"का वाटलं?"

येर्नेयाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी कालपासून जेवले नाहीये. आधी एक सांगा, लोय्झेकाकांचा हात..."

"दोन बोटं गेली. हात वाचलाय. आता तू सांग."

"कागदावर एकच नंबर दोनदा आला होता," ती भराभर बोलू लागली. "६४ दोन ठिकाणी. आणि ४६ कुठेच नाही. कॉम्प्युटर तसं घेत नाही, लाल होतो. मी म्हटलं, लिहिताना उलटं झालंय, दोनातला एक ४६ असणार. म्हणून एक बदलला."

"दोनातला कोणता?"

"खालचा. दुसरा." तिचे डोळे भरून आले. "वरचा बदलायला हवा होता, हो ना?"

विदाच्या मनात भलतीच भीती शिरली होती. "येर्नेया, असं एकदाच झालं?"

खाली अंगणात फोर्कलिफ्ट मागे येताना टूं टूं करत होती.

"तीनदा," ती शेवटी म्हणाली. "तीन नंबर दोनदा आले होते. बाकीचे दोन आठवत नाहीत हो. आन्झे म्हणाला होता सुट्टीनंतरच्या शुक्रवारी सगळं दिसलं पाहिजे, पाहुणे येणारेत. मी तिन्ही वेळा खालचा बदलला."

"रमीझला विचारायचं तरी."

"केला होता फोन. उचलला नाही त्याने. मग मी म्हटलं, एवढं काय त्यात." तिने नाक पुसलं. "त्या कागदावर खाडाखोडही होती. ७४ लिहून खोडलेलं, पुढे ४७. ७३ खोडून ३७. ८३ खोडून ३८. एवढं जोरात लिहिलेलं की मागच्या बाजूला हाताला लागत होतं."

विदाने समोरच्या कागदावर ३१ ते ६८ आकडे मांडले. ४७ उलटा केला तर ७४ होतो आणि असा रोबोच नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला चूक तिथल्या तिथे दिसली. पण ४६चा ६४ झाला तर तोही रोबो आहेच. दिसणाऱ्या चुका खोडल्या गेल्या, न दिसणाऱ्या राहिल्या. अशा जोड्या तिने मोजल्या. ३४-४३, ३५-५३, ३६-६३, ४५-५४, ५६-६५. कालची सोडून पाच. त्यांतल्या दोन जोड्यांच्या बाबतीत येर्नेयाने खालचा आकडा बदलला होता. तिचा अंदाज बरोबर निघाला असेल किंवा नसेलही.

म्हणजे भिंतीवरची स्क्रीन अजूनही खोटं बोलत असण्याची शक्यता होती. दोनच्या पाळीला येणारी माणसं तिच्याकडे पाहूनच पंजात हात घालणार होती.

४

"अडतीस रोबो तपासायला दोन दिवस लागतील," गोरिशेक म्हणाला. "हवा सोडा, स्क्रीन बघा, हवा भरा, रोबो जागेवर आणा. एकेकाला अर्धा तास."

"पाच जोड्याच बघायच्यात. अडीच तास."

"आता सव्वाबारा झालेत, विदा. मी सगळ्यांना सांगतो, स्क्रीनकडे बघू नका म्हणून."

"भिंतीवर आकडा दिसत असताना कोण बघायचं थांबतं? लोय्झे थांबला का?"

"मग त्या दोन जोड्या कुठल्या ते शोधून आण. दोन तपासून देतो आन्झे. पाच नाही जमणार." तो तसा वाईट माणूस नव्हता, पण फोन आला की त्याला दुसरं काही ऐकू येत नसे. आणि त्याचा फोन वाजतच होता.

विदा खानावळीत गेली. भूक नव्हती, पण कुठेतरी बसायला हवं होतं. जवाच्या सूपाचा वाडगा घेऊन ती गल्ल्याजवळच्या टेबलावर बसली. स्वयंपाकीण आतून कुपनांचे नंबर ओरडत होती आणि गल्ल्यावरची म्हातारी मिलेना ते वहीत लिहीत होती.

"सात-आणि-चाळीस," आतून आवाज आला.

मिलेनाने ७ लिहिला, मग पेन डावीकडे नेऊन त्याच्यामागे ४ लिहिला. विदाने हे आयुष्यभर पाहिलं होतं. तीसुद्धा असंच लिहायची. स्लोव्हेनियन भाषेत एकम आधी आणि दशक नंतर. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही, चौसष्ट म्हणताना आपल्याही तोंडात चार आधी येतो. ऐकून लिहिणारे तिकडचे जुने लोक पहिला ऐकलेला आकडा उजवीकडे ठेवतात आणि दुसऱ्यासाठी डावीकडे जागा सोडतात.

तेवढ्यात खिडकीशी एक ट्रकचालक आला. बोस्नियाहून माल घेऊन आलेला, चिखलाचे बूट. त्याने स्वतःचं कुपन पाहून सांगितलं, "माझा तीस-आठ, आजी."

मिलेनाने ३ लिहिला, डावीकडे सरकून ८ लिहिला. वहीत ८३ उमटले.

"अरे देवा," ती हसली आणि खाडकन खोडलं. "तुमचं उलटं असतं नाही का. तू बोलतोस सरळ आणि माझा हात जातो वाकडा."

"हाताला शाळेत घाला, आजी," ट्रकचालक म्हणाला.

विदाने चमचा खाली ठेवला. ८३ खोडून ३८. येर्नेयाने तेच सांगितलं होतं.

चिठ्ठी वाचणारा आणि लिहिणारा एकच असता तर हे झालंच नसतं. डोळे ४६ पाहतात, हात ४६ लिहितो. ही चूक व्हायला एक तोंड लागतं आणि एक कान लागतो, तेही दोन वेगवेगळ्या भाषांचे. गोरिशेक म्हणाला होता, त्याला आकडे उलटे *ऐकू* येतात. पण शिडीवर एकटा असलेल्या माणसाने ऐकायचं कुणाकडून? वर चढणारा रमीझच होता, वायरमनचा परवाना त्याचाच. तो वरून आपल्या भाषेत ओरडत होता. आणि खाली कुणीतरी उभं होतं, ज्याला बोस्नियन छान कळत होतं पण ज्याचा हात इथल्या शाळेत शिकला होता. चूक दिसली की तो हात सांभाळून लिहायचा, विसरला की पुन्हा उलटा जायचा, म्हणूनच काही नंबर बरोबर आणि काही उलटे.

सुट्टीच्या आठवड्यात कारखान्यात आलेला दुसरा माणूस विदाला एकच माहीत होता. नेटवर्कचा प्रमुख, आन्झे. ती उठली आणि जवळजवळ धावतच निघाली.

आन्झे ५४ नंबरच्या कुंपणाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. रात्रीच्या जागरणाने डोळे सुजले होते.

"आन्झे, पेन दे जरा."

"पेन? मी पेन वापरतच नाही. का?"

"यादी बनवताना तू रमीझच्या हाताखाली होतास?"

"मी?" तो दचकला. "मी तर पोरांना घेऊन समुद्रावर होतो. गुरुवारी फक्त तासभर डोकावून गेलो. काय म्हणायचंय तुम्हाला? की मी त्याच्यावर ढकलतोय?"

"मला एवढंच सांग, तू आलास तेव्हा तो एकटा होता?"

"एकटाच होता." आन्झे थांबला. "म्हणजे, दिसला तरी एकटाच. कप मात्र दोन होते. मी म्हटलं, दुसरा कुणाचा? तर म्हणतो, तुझ्यासाठीच केलाय. मला काय माहीत मी येणार आहे हे त्याला कसं कळलं? घेतला एक घोट. शी. कुणी कॉफीत मध घालतं का?"

विदाने कुंपणाचा गज धरला. मग ती कार्यशाळेकडे वळली.

५

"रमीझ, तो कागद दे."

कार्यशाळेत अजून तीच डबी, तेच स्क्रू. तो उठून उभा राहिला. "सांगितलं ना तुम्हाला..."

"लोय्झे होता खाली. मला कळलंय. आजारी रजेवर असताना आला होता."

रमीझ मटकन खाली बसला.

"कुणी सांगितलं?"

"त्याच्या मधाने सांगितलं. दे तो."

"नाही देणार. विदाबाई, ऐका माझं," तो कळवळून म्हणाला. "पाच दिवसांत अडतीस केबली, एकट्याने. आन्झे म्हणाला, जमेल. तिसऱ्या दिवशी माझी फक्त नऊ झाली होती. संध्याकाळी मी त्याला फोन केला, नुसतं रडगाणं गायला. दुसऱ्या दिवशी सकाळी हा मागच्या फाटकातून हजर. पाठीला पट्टा बांधलेला. म्हणतो, चढू शकत नाही, पण लिहू शकतो. म्हणतो, आपले दोन्ही देश एकच होते तेव्हा मी तुमच्याकडे सैन्यात वर्षभर होतो, तुमचे आकडे मला झोपेत कळतात. तू आपला खुशाल तुझ्या भाषेत ओरड."

"आणि तू ओरडलास."

"वर पंखे चालू, घाम डोळ्यांत जातोय, हात केबलमध्ये. अशा वेळी माणूस आपल्याच भाषेत मोजतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "रजेवर असताना काम केलं हे कळलं तर त्याला काढतील. हात गेलाय त्याचा. आता नोकरीही घालवू? मी घालवू? माझ्यासाठी आला होता तो."

विदाला त्याचा राग आला, आणि राग येताच स्वतःचीच लाज वाटली. तिनेही तेच केलं असतं.

"तुझं सगळं खरं," ती म्हणाली. "पण आता एक वाजायला आलाय. त्या कागदावर आणखी दोन नंबर दोनदा आलेत. तपासायला एक तास लागतो, आणि तासाभरात पाळी बदलतेय. दोन रोबो कदाचित खोटं शून्य दाखवतायत. कुणाचा हात जाणार आहे हे तुलाही माहीत नाही नि मलाही."

रमीझने तिच्याकडे पाहिलं. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. एक कोपरा फाटलेला होता.

आकडे जोरात दाबून लिहिलेले होते. बऱ्याच नंबरांत डावा आकडा रेघेला चिकटलेला, अंग चोरून बसलेला, कारण तो नंतर आला होता. १२ नंबरच्या बॉक्ससमोर ६४. २९समोर पुन्हा ६४. विदाने बोट खाली नेलं. ५३ दोनदा. ६५ दोनदा. बाकीच्या तीन जोड्यांचे नंबर मात्र सरळ, डावीकडून लिहिलेले होते.

तिने फोन काढला. "आन्झे, ३५ची हवा सोड आणि स्क्रीन बघ. मग ५६ची."

दोघं कार्यशाळेत समोरासमोर बसून राहिले. घड्याळाचा काटा एकवीसवर आला, पंचवीसवर आला. विदा नखं कुरतडत होती, ही सवय तिने शाळेत सोडली होती. एक अठ्ठावीसला फोन वाजला.

"३५ची हवा सोडली," आन्झेचा आवाज चिरकत होता. "विदाबाई, शून्य ५३ला दिसतंय. ३५ला दाब भरलेला दाखवतोय. लगेच बदलतो यादीत. ५३चा पंजा दोन वाजून दहाला साफ करायचा होता. वेळापत्रकावर आहे."

दोनला चार मिनिटं असताना दुसरा फोन आला. ५६ बरोबर होता. तिथे येर्नेयाचा अंदाज नशिबाने खरा ठरला होता. रमीझ दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. विदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लाइन वेळेवर सुरू झाली. दारात गोरिशेक भेटला.

"छान काम केलंस," तो म्हणाला. "आता नाव? पाचपर्यंत पाठवायचंय मला."

"रमीझचं नाही."

"मग कुणाचं?"

"पाचला सांगते," विदा म्हणाली आणि गाडीकडे गेली.

६

त्सेल्ये शहरातल्या इस्पितळात तीन वाजता भेटायला सोडतात. लोय्झे खिडकीजवळच्या खाटेवर होता. उजवा हात पांढऱ्या गुंडाळीत, उशीवर ठेवलेला. बाहेर कापणी झालेल्या, बिअरसाठी लावतात त्या हॉप्सच्या वेलींच्या शेतांत नुसते उंच खांब उभे होते.

"मध आणलास का?" त्याने विचारलं.

"नाही आणला."

"मग कशाला आलीस?" तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून थांबला. तिने कागद उलगडून त्याच्या मांडीवर ठेवला.

लोय्झेने डाव्या हाताने कागद जवळ ओढला.

"काल पंजाने हात धरला तेव्हा मी वर बघत होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "दुखायच्याही आधी. म्हटलं, ६४ला शून्य कसं? आणि कळलंच मला. चाळीस-सहा, असा ओरडला होता तो. स्पष्ट ऐकलं होतं मी. अगदी बरोबर ऐकलं होतं गं, विदा."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, यंत्राची चूक म्हणतील आणि विसरतील. रमीझवर घालतील हे डोक्यात आलं नाही." तो थांबला. "खोटं कशाला बोलू? आलं होतं. रात्री आलं होतं. मी कूस बदलून झोपलो."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला. विदाने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"रमीझ काय म्हणाला?" लोय्झेने विचारलं.

"मी एकट्याने केलं म्हणाला. फायलीतून कागद चोरला. शेवटपर्यंत द्यायला तयार नव्हता. आणखी कुणाचा तरी हात जाईल म्हटलं तेव्हा दिला."

"गाढव आहे." लोय्झेने डोळे मिटले. कडेने पाणी कानाकडे ओघळलं, त्याला ते पुसता आलं नाही. "त्याची पोरगी कधी येतेय?"

"एकोणतीसला. तो त्यांना येऊ नका म्हणून कळवणार आहे."

"कळवलं का?"

"अजून नाही. पाचपर्यंत थांब म्हटलंय मी."

भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. विदाने पर्स घट्ट धरली होती. कोरा कागद आत होता, पण तो आपण बाहेर काढायचा नाही असं तिने गाडीतच ठरवलं होतं.

"माझी नोकरी राहील का?" त्याने विचारलं.

"मला नाही वाटत. मी भांडेन. पण राहील असं सांगू शकत नाही."

"मधमाशा आहेत माझ्या," लोय्झे म्हणाला. मग त्याने गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. "उठव मला जरा. आणि कागद दे."

तिने उशा लावल्या, जेवणाचं फिरतं टेबल पुढे ओढलं. तो डाव्या हाताने लिहू लागला. अक्षरं वेडीवाकडी, एकेका शब्दाला मिनिट लागत होतं. मी, अलोइझ (लोय्झे) ह्रिबेर्निक, आजारी रजेवर असताना स्वतःहून गेलो. रमीझने नंबर बरोबर सांगितले. मी चुकीचे लिहिले. बॉक्स १२ला त्याने सांगितलेला नंबर होता...

पेन थांबलं. त्याने दीर्घ श्वास घेतला. मग ६ लिहिला, पेन उचलून डावीकडे नेलं आणि सोडलेल्या जागेत ४ लिहिला.

विदाने तो आकडा दोनदा वाचला. ४६. बरोबर होता.